डॉनच्या बोटींचं घराणं

‘जीटीए व्हाइस सिटी’ खेळलात ना कधी? गुलाबी आभाळ, पामची झाडं आणि खाडीतून सुसाट सुटणाऱ्या लांब नाकाच्या स्पीडबोटी. ते शहर १९८६ सालचं आहे आणि मायामीवरून बेतलंय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण त्या बोटी काही गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. खऱ्या मायामीच्या उत्तरेला एक छोटासा, पुढे पाण्यापाशी संपणारा रस्ता होता. नॉर्थ-ईस्ट १८८वा रस्ता. एका बाजूला कालवा, दोन्ही बाजूंना शेड आणि शेडमध्ये फायबरग्लासच्या बोटी. इंजिनांच्या आवाजावरून लोक त्याला ‘थंडरबोट रो’ म्हणायचे. फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या वेगवान बोटींची ही चार नावं, आणि चारही कंपन्या सुरू केल्या एकाच माणसानं. डॉन अरोनाउ त्याचं नाव.

आज या बोटींमागे वेडी झालेली माणसं अमेरिकेत आणि युरोपात आहेत. कुणाच्या तरी परसात ताडपत्रीखाली पडलेली साठच्या दशकातली बोट ते शोधून काढतात आणि मग तिचं कुळ लावत बसतात. ही कुणाची मुलगी? हिची बहीण कोण? हिच्या साच्यातून पुढे आणखी कोण निघालं? जुन्या गाडीचं एक बरं असतं, इंजिन नंबर नि चॅसी नंबर बघितला की काम झालं. या बोटींचं तसं नाही. का नाही, ते समजून घ्यायचं तर आधी डॉनला भेटावं लागेल. आणि डॉनला भेटायच्या आधी, दोन मिनिटं, एका न बोलणाऱ्या माणसाला.

रे हंट हा मॅसॅच्युसेट्सचा. बोटींची रचना करायचा, पण त्याचं कॉलेजातलं असं शिक्षण काही नव्हतं. लहानपणापासून शिडाची बोट चालवून जे हातात आलं, तेच त्याचं इंजिनीअरिंग. तोवरच्या मोटरबोटींचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असायचा. शांत पाण्यात हे झकास. पाटासारखी बोट पाण्यावर चढते नि घसरत जाते. पण लाट आली की तोच पाट पाण्यावर आपटतो. तुम्ही समुद्रात स्पीडबोटीची राइड घेतली असेल, तर कमरेत बसलेले ते दणके आठवा आणि मग त्याची पाचपट करा. हंटनं काय केलं, तर बोटीचा तळ पुढून मागेपर्यंत सगळाच खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा ठेवला. शिवाय पोटावर लांबच लांब पट्ट्या बसवल्या. या पट्ट्या पाणी बाजूला फेकतात आणि बोटीला वर उचलतात. म्हणजे बोट लाटेवर आपटत नाही, ती लाट कापत जाते.

१९५८ साली न्यूपोर्टला अमेरिका कप शर्यतींच्या वेळी हंटची असली एक छोटी बोट खवळलेल्या पाण्यातून धावताना डिक बर्टरमनं पाहिली. हा मायामीत बोटी विकायचा व्यवसाय करणारा, स्वतः पट्टीचा खलाशी. बघितलं आणि त्यानं लगेच मोठी ऑर्डर दिली. तीस फुटी लाकडी बोट बनली, तिला बायकोचं लाडाचं नाव दिलं, ‘मॉपी’. एप्रिल १९६० मध्ये मायामी ते नासाऊ या शर्यतीत समुद्र भयंकर पिसाळलेला होता. मॉपी आठ तासांत पोचली. दुसरी आली तीही हंटच्याच तळाची, फायबरग्लासची एक लहान बोट, मॉपीच्या मागून दोनेक तासांनी. ती चालवत होता जिम विन हा इंजिनीअर. बाकीच्यांतले जे पोचले, ते दुसऱ्या दिवशी. एका शर्यतीत वाद मिटला. पुढच्या वर्षी त्याच मॉपीवरून साचा काढून बर्टरमनं फायबरग्लासची ‘बर्टरम ३१’ बाजारात आणली. हंटला मात्र त्या आकाराचं पेटंट काही मिळालं नाही. साठ वर्षं झाली, आज समुद्रात धावणारी जवळपास प्रत्येक वेगवान बोट त्याचं देणं लागते, आणि तुमच्यातल्या शंभरातल्या एकानंही त्याचं नाव ऐकलेलं नसेल.

जिम विन हे नाव मात्र लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

आता डॉन. जन्म १९२७चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आईवडील रशियातून आलेले ज्यू. मुलगा शाळेत जाईपर्यंत अमेरिकेला मोठ्या मंदीनं गाठलं होतं, त्यामुळे पैसा नसणं म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. उंचापुरा, देखणा, खेळात पुढे. कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर त्यानं जीवरक्षकाचं काम केलं, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस व्यापारी जहाजांवर गेला, परत येऊन कॉलेज केलं, लग्न केलं आणि सासऱ्याच्या बांधकामाच्या धंद्यात शिरला. थोड्याच दिवसांत स्वतःची कंपनी काढली. न्यू जर्सीत तेव्हा उपनगरं फुगत होती, घरं बांधणाऱ्याला दिवस सोन्याचे होते. डॉननं इतका पैसा केला, की साठचं दशक उजाडता उजाडता तो बायकामुलांसह मायामीला निघून गेला. रिटायर व्हायला! वय तेव्हा तिशीच्या थोडं पुढे.

तिशीत रिटायर झालेला माणूस दिवसभर करणार काय? डॉन बंदरावर जाऊन बसायला लागला. तिथे शर्यतवाल्यांची टोळी भेटली. १९६२ साली त्यानं सत्तावीस फुटांची एक लाकडी बोट तयार करून घेतली, लेकीच्या नावावरून ‘क्लॉडिया’ नाव ठेवलं आणि थेट मायामी-नासाऊ शर्यतीत उतरला. पहिलीच शर्यत, चौथा नंबर. कुणीही खूश झालं असतं. डॉनला हरणं झेपायचं नाही. शर्यतीत वाटेत कुठेतरी आपण पुढे होतो, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. त्याच वर्षी त्यानं कंपनी काढली, फॉर्म्युला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण डॉनच्या भक्तांना ती फारशी आवडत नाही. डॉन हा बोटींचा रचनाकार नव्हता. ड्रॉइंग बोर्डवर बसून रेषा ओढणारा तो नव्हेच. त्याच्याकडे होतं ते वेगळंच. एक म्हणजे माणूस ओळखण्याची नजर. फॉर्म्युलाची तेवीस फुटी बोट ज्यांनी कागदावर उतरवली, त्यांत होता आपला जिम विन आणि त्याचा जोडीदार वॉल्ट वॉल्टर्स. हा जिम विनही वेगळाच प्राणी. दोन वर्षं आधी मॉपीच्या मागोमाग आला म्हणून सांगितलंच, पण त्याआधी १९५८ मध्ये हा एका साथीदारासोबत बावीस फुटांच्या बोटीतून, आउटबोर्ड इंजिनवर, अटलांटिक पार करून बसला होता. बोटीच्या आत इंजिन आणि मागे बाहेर पंखा अशी जी जोडणी आज सगळीकडे दिसते, तिच्या मागेही त्याचंच डोकं. डॉनचं दुसरं भांडवल म्हणजे त्याचं अंग. बोट कागदावर कशी दिसते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ती समुद्रात घालायची, मोडेपर्यंत पिटाळायची, काय मोडलं ते बघायचं आणि परत येऊन तेवढंच मजबूत करायचं. त्या काळच्या शर्यतीत चालकानं उभं राहून बोट चालवायची असे. पाठीला गादीचा आधार, गुडघे वाकवलेले, आणि चार-पाच तास हाडं खिळखिळी होतील असा मार. डॉन हे स्वतः करायचा. तिसरी गोष्ट, तो विकायला बसला की समोरच्याची सुटका नसे.

आता त्या कुळाच्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी फायबरग्लासची बोट बनते कशी, ते बघावं लागेल. आपल्याकडच्या किनारपट्टीवर राहत असाल तर फायबरच्या होड्या बनताना तुम्ही पाहिल्याही असतील. आधी हव्या त्या आकाराची एक बोट लाकडात घडवायची. तिला घासूनपुसून आरशासारखी करायची, मेण लावायचं. तिच्यावर फायबरग्लासचे थर देऊन जे कवच निघतं, तो साचा. आता साच्याच्या आतून पुन्हा मेण, मग रंगाचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, मग काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. सुकलं की खेचून काढायची. झाली बोट. आपल्याकडे गणपती बसवणाऱ्या घरांना साच्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पेणच्या एका साच्यातून निघालेल्या मूर्ती रंगानं कितीही वेगळ्या असोत, नाक-डोळ्यांची ठेवण सारखीच असते.

लाकडी बोट प्रत्येक वेळी नव्यानं जन्मते. फायबरग्लासची बोट साच्यातून जन्मते, आणि साचा ही विकता येणारी वस्तू आहे. तो विकता येतो, भाड्यानं देता येतो, मधोमध कापून दोन फूट लांब करता येतो, त्याच्यावर वेगळा डेक बसवून वेगळं नाव देता येतं. एवढंच काय, तुमची बोट मी बाजारातून रोख पैसे देऊन घेतली, तिलाच मेण लावलं आणि तिच्यावरूनच साचा काढला तर? अमेरिकेतल्या बोटवाल्यांच्या बोलीत याला ‘स्प्लॅश’ करणं म्हणतात. रचनाकाराचे महिने, शर्यतीत मोडलेली हाडं, सगळं फुकट. दोनचार आठवड्यांत तुमची मुलगी माझ्या घरी.

डॉननं यातली पहिली बाजू पुरती ओळखली. त्यानं बोटी विकल्या, पण खरं तर त्यानं कंपन्या विकल्या. दीड-दोन वर्षांत फॉर्म्युलाचं नाव शर्यतीत दणाणलं, तोच त्यानं ती विकून टाकली. १९६४ मध्ये त्याच रस्त्यावर नवी कंपनी, डॉन्झी. नावात स्वतःचा ‘डॉन’ घुसवलाच. सोळा फुटी ‘स्वीट १६’ आणि तिची अठरा फुटी बहीण, या डॉन्झीच्या बोटी आजही बघितल्या की नजर हटत नाही. बुटक्या, गोलसर, पाण्यावर टेकून बसलेल्या. जमली कंपनी, विकली. १९६६ मध्ये तिसरी, मॅग्नम. पुन्हा शर्यती, पुन्हा नाव, १९६८ मध्ये तीही विकली, या वेळी चक्क फोटोकॉपीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला. विकत घेणारे प्रत्येक वेळी मोठे, सूटबूटवाले. त्यांना वाटायचं, आपण बोटींचा कारखाना घेतला. खरं म्हणजे कारखान्याची जी जादू होती, ती सही करून दाराबाहेर पडलेली असायची आणि थोड्याच दिवसांत हाकेच्या अंतरावर दुसरं शटर उघडायची. जुन्या मालकाची नवी बोट मग जुन्याच कंपनीच्या बोटीला शर्यतीत हरवायची.

तुम्ही म्हणाल, ही तर चलाखी झाली. थोडीशी आहेच. पण त्यानं हरलेला माल कुणाला विकला नाही, हेही खरं. मॅग्नमच्या सत्तावीस फुटी बोटीवर तो १९६७ मध्ये खुल्या समुद्रातल्या शर्यतींचा जगज्जेता झाला. १९६९ मध्ये पुन्हा जगज्जेता. अमेरिकेची विजेतेपदं वेगळी, तीही तीन. त्या १९६९च्या वर्षी त्याच्याकडे बत्तीस फुटांची एक नवी बोट होती. लांब, अरुंद, पुढचं नाक लांबलचक. त्या बोटीनं इंग्लंडला जाऊन काउज ते टॉर्की ही तिथली मानाची शर्यतही मारली. तिचं नाव ‘द सिगारेट’. सांगतात की अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ब्रुकलिनच्या पाण्यात चोरटी दारू वाहणारी याच नावाची एक बोट होती आणि पोराटोरांत तिच्या दंतकथा चालायच्या. डॉनच्या चौथ्या कंपनीचं नावही त्यावरूनच पडलं. चोरट्या धंद्यातल्या बोटीचं नाव. गंमत म्हणून ठेवलेलं. पुढे ही गंमत महागात पडणार होती.

तर बघा, आता या चौघी. फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट. वडील एक, गाव एक, रस्ताही एकच. तळाचा मूळ विचार रे हंटचा. रेषा ओढणारे हात पुष्कळदा तेच. घडवणारे कारागीरही या शेडमधून त्या शेडमध्ये गेलेले. त्यामुळे जुन्या बोटीवरचं नाव कुठलं का असेना, तळाला हात लावला की ओळख पटते. आणि चौघींच्या पलीकडे आणखी डझनावारी चुलत, मावस, मानलेल्या आणि पळवलेल्या बहिणी. थंडरबोट रोवर काम शिकलेला कुणी बाहेर पडायचा आणि स्वतःची कंपनी काढायचा. कुणी साचा विकत घ्यायचा. कुणी रात्रीत स्प्लॅश मारायचा. फॉर्म्युलाच्या त्या तेवीस फुटीची तर इतकी रूपं निघाली, की आज तिच्यासारखी दिसणारी बोट सापडली तरी जाणकार आधी हात आखडता घेतात.

या पळवापळवीनं एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. त्यात डॉनचा संबंध नाही, पण गोष्ट त्याच्याच गल्लीची आहे. फ्लोरिडा राज्यानं १९८३ मध्ये कायदा केला की दुसऱ्याच्या बोटीवरून थेट साचा काढायचा नाही. त्याखाली ‘बोनिटो’ या फ्लोरिडाच्या कंपनीनं ‘थंडर क्राफ्ट’ या दुसऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, फ्लोरिडाचा कायदा रद्द. पेटंट देणं न देणं हे केंद्राचं काम, ज्या वस्तूला पेटंट नाही ती सगळ्यांची, राज्यानं मागच्या दारानं तिला कुंपण घालायचं नाही. कायदा शिकणारी मुलं हा निकाल आजही अभ्यासतात. बोटवाले अर्थातच हवालदिल झाले. शेवटी १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं बोटीच्या तळाच्या रचनेला संरक्षण देणारा खास वेगळा कायदा केला. पण साठ-सत्तरच्या दशकात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला विचाराल तर न्यायालय चुकलं नव्हतं. हंटच्या तळावर कुणाची मालकी असती, तर डॉनची पहिली बोटच बनली नसती. हे बोनिटोच्या रचनाकाराला त्या दिवशी कुणी सांगायला जाऊ नये, एवढंच.

सत्तरच्या दशकात डॉन म्हणजे मायामीतला राजा. राजेरजवाडे, उद्योगपती, सिनेमातली माणसं बोट घ्यायला यायची. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश हे त्याचे दोस्त. त्यांनी अठ्ठावीस फुटी सिगारेट घेतली, नाव ठेवलं ‘फिडेलिटी’. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सुट्टीत मेन राज्यातल्या आपल्या घरी गेले, की ते हीच बोट सुसाट हाणायचे आणि पाठीमागे सुरक्षारक्षकांची तारांबळ उडायची. डॉन शर्यतीतून बाजूला झाला. फ्लोरिडातल्या ओकालाला त्यानं शर्यतीचे घोडे पाळले. आता पुरे, म्हणून तो किती वेळा रिटायर झाला याची मोजदाद नाही.

दरम्यान त्याच्या बोटींना एक नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. लांब नाकात भरपूर जागा, खवळलेल्या समुद्रात रात्री न थांबता पळायची ताकद, आणि सरकारी बोटी मागे पडतील असा वेग. बहामातून गांजा नि कोकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरवणाऱ्यांना याहून काय हवं? ‘सिगारेट’ हे एका कंपनीचं नाव राहिलंच नाही. कोणतीही लांब, वेगवान, संशयास्पद बोट म्हणजे सिगारेट, आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतात तसं. बोट विकणाऱ्यानं रोख नोटा आणणाऱ्या गिऱ्हाइकाला, बाबा रे, या बोटीचं तू करणार काय, असं विचारायचं का? त्या रस्त्यावर हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. डॉनही विचारत नसे. त्याचे चाहते म्हणतात, गाडी विकणारा तरी कुठे विचारतो. पण गाडी विकणाऱ्याला आपल्या गल्लीत कोण काय करतो ते माहीत नसू शकतं. डॉनला माहीत नव्हतं, असं म्हणणं त्याच्या हुशारीचा अपमान होईल.

आणि मग या कथेचं सगळ्यात विचित्र वळण येतं. सिगारेट कंपनी १९८२ मध्ये विकून झाल्यावर डॉननं ‘यूएसए रेसिंग टीम’ नावानं पुन्हा शटर उघडलं आणि या वेळी गिऱ्हाईक होतं अमेरिकेचं कस्टम्स खातं. ज्याच्या बोटींनी तस्कर पळत होते, त्याच्याकडूनच त्यांना पकडायच्या बोटी. एकोणचाळीस फुटी, जोड तळाच्या या बोटीचं नाव ‘ब्लू थंडर’. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेले बुश हे दक्षिण फ्लोरिडातल्या तस्करीविरोधी मोहिमेचे प्रमुख होते. त्यांनी स्वतः चाक हातात धरून ही बोट चालवून पाहिली.

१९८५ मध्ये, सवयीप्रमाणे, डॉननं हीसुद्धा कंपनी विकली. घेणारा होता बेन क्रेमर. तोही शर्यतीतला नामवंत चालक, तोही त्याच रस्त्यावरचा, ‘अपाची’ या बोटींचा मालक. अडचण अशी की गांजाच्या गुन्ह्यात क्रेमर आधी शिक्षा भोगून आलेला होता. तस्करांना पकडायच्या बोटी अशा माणसाकडून घ्यायच्या म्हटल्यावर कस्टम्सच्या कपाळाला आठ्या पडल्या. सौदा उलटा फिरवावा लागला आणि कंपनी पुन्हा डॉनच्या हातात आली. त्या व्यवहारात कुणाचे किती पैसे कुणाकडे राहिले, यावरून दोघांत बिनसलं. आयुष्यभर कंपन्या विकून नामानिराळा बाहेर पडलेल्या माणसाला या एका विक्रीतून मात्र बाहेर पडता आलं नाही.

३ फेब्रुवारी १९८७. दुपारी डॉनच्या ऑफिसात एक अनोळखी माणूस येऊन गेला. आपल्या श्रीमंत मालकाला बोट घ्यायचीय, असं काहीसं बोलला नि निघून गेला. थोड्या वेळानं डॉन आपल्या पांढऱ्या मर्सिडीजमधून निघाला. त्याच १८८व्या रस्त्यावर, त्यानंच वसवलेल्या शेडच्या समोर, एक गडद रंगाची लिंकन गाडी शेजारी येऊन थांबली. काचा खाली झाल्या. गोळ्या झाडल्या गेल्या आणि लिंकन निघून गेली. डॉन हॉस्पिटलमध्ये गेला. साठावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

खुनाचा छडा लागायला वर्षं गेली. क्रेमर मधल्या काळात मोठ्या तस्करीच्या खटल्यात जन्मठेपेवर गेला होता. १९८९ मध्ये त्यानं मायामीच्या तुरुंगाच्या आवारात हेलिकॉप्टर उतरवून पळायचा प्रयत्न केला आणि हेलिकॉप्टर कुंपणात अडकून कोसळलं. सिनेमात दाखवलं असतं तर तुम्ही हसला असतात. गोळ्या झाडणाऱ्या बॉबी यंगनं १९९५ मध्ये आणि क्रेमरनं १९९६ मध्ये आरोप नाकारत नाही, अशी भूमिका कोर्टात घेतली आणि दोघांनाही शिक्षा झाली. पूर्ण खटला उभा राहून सगळं उघड्यावर आलं असं घडलंच नाही. म्हणून डॉनच्या मृत्यूभोवती अफवांचं मोहोळ आहे. त्यातली एकही इथे सांगत नाही, तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत पन्नास सापडतील.

बोटींचं पुढे काय झालं? फॉर्म्युला १९७६ मध्ये एका कुटुंबानं विकत घेतली आणि पुढे ती थेट इंडियानात नेली. जिथे समुद्र सोडा, समुद्राचा वारासुद्धा येत नाही! कंपनी आजही तिथेच आहे. मॅग्नम एका इटालियन सरदारानं घेतली आणि तिच्या मोठमोठ्या यॉट झाल्या. डॉन्झी या हातातून त्या हातात फिरत राहिली. सिगारेट मायामीजवळच ओपा-लॉकाला गेली. आणि तो रस्ता? समुद्रकाठच्या जमिनीचे भाव जसे वाढले, तशा शेड गेल्या नि निवासी मनोरे आले. बाल्कनीतून कालवा छान दिसत असणार.

पण डॉन स्वतः मालक असताना ज्या बोटी साच्यातून निघाल्या, त्या थोड्याच. प्रत्येक कंपनी त्याच्या हातात होतीच किती दिवस? फॉर्म्युला दोनेक वर्षं, डॉन्झीही तेवढीच. म्हणून त्या काळातली खरी बोट सापडली, की घेणारे वेडे होतात, आणि म्हणूनच खोट्याही पुष्कळ फिरतात. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीच्या मागच्या बाजूला ओळख नंबर कोरायची सक्ती झाली. त्यातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. सत्तरच्या दशकातली सिगारेट हाती आली तर निदान तिथून सुरुवात करता येते. फॉर्म्युलाची पहिली तेवीस फुटी, पहिल्या डॉन्झी, डॉनच्या मॅग्नम, या सगळ्या त्या तारखेच्या आधीच्या. त्यांना नंबर नाही. कागद असलेच तर तीन मालकांपूर्वी हरवलेले. रंग चार वेळा बदललेला, नावाची पाटी कुणीतरी बाजारातून आणून डकवलेली, इंजिन तर मूळचं नसतंच. मग ही माणसं काय करतात, तर बोट ट्रेलरवर चढवतात, टॉर्च नि टेप घेऊन तिच्याखाली सरपटत शिरतात, मागच्या टोकाला तळाचा कोन किती अंशांचा आहे ते मोजतात, पोटावरच्या पट्ट्या किती आणि कुठली पट्टी कुठे संपते ते बघतात, आणि एका बाजूची पट्टी दुसरीपेक्षा अर्धा इंच अलीकडे थांबलेली दिसली की तशीच थांबलेली दुसरी बोट कुठे आहे, ते शोधायला लागतात.